अठ्ठावन्नावं पान

गोडादरा, सुरत
रविवार, २२ जून २०२५

प्रिय दीप्ती,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी हसली असशील आणि मग घाबरली असशील. घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि तोंड चालतं, दोन्ही पूर्वीसारखंच. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगते. फोनवर तुझ्या पप्पांचं नाव काढलं रे काढलं की तुझा कुकर शिट्टी देतो, नाहीतर बाळ उठतं, नाहीतर प्रदीप जिजूंची ड्युटी बदलते. गेल्या तीन वर्षांत तुझ्या एकटीच्या घरात जितक्या शिट्ट्या झाल्या तितक्या अख्ख्या भुसावळ स्टेशनात झाल्या नसतील. पत्राला कुकर लावता येत नाही. ते अर्ध्यात फेकून देता येतं, पण तू देणार नाहीस. भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा उलटसुलट करून वाचणारी बाई तू. तेव्हा बाळाला झोपव, गॅस बंद कर आणि शेवटपर्यंत वाच. एवढं एक माझ्यासाठी कर.

आधी बातम्या. आबांनी लूम्सच्या खात्यात भांडून एकदाची दिवसपाळी मागून घेतली. आता ते संध्याकाळी घरी असतात आणि आईला टीव्हीचा रिमोट मिळत नाही, त्यामुळे दिवसपाळी चांगली की वाईट यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. आईने साडीला टिक्क्या चिकटवायचं काम घेतलंय. घरभर टिक्क्या. परवा आबांच्या वरणात एक चमकली, तर ते म्हणाले, आज जेवण भारी आहे. नाक्यावरचा तो लोचोवाला आठवतो? त्याने आता वर एसी हॉल काढलाय. आपण त्याच्या गाडीवर उभं राहून एका प्लेटमध्ये दोघी खायचो, हे सांगितलं तर आता त्याला राग येईल.

आणि काका. तुझ्या पप्पांना मी काका म्हणते ते काही तुझं भांडण बघून बदलणार नाही. पायातल्या रॉडमुळे ते थोडे लंगडतात. मिलमधल्या कापडछपाईच्या स्क्रीनखात्यात आता उभं राहवत नाही, म्हणून त्यांना पलसाण्याच्या गेटवर बसवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंचे नंबर लिहायला. रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला येतात. आत बसत नाहीत, उंबऱ्यापाशीच स्टूल घेतात. चहा संपवतात आणि मग म्हणतात, भुसावळला ऊन फार असेल नाही. मग मी तुझ्या स्टेटसवरचा बाळाचा फोटो उघडून फोन त्यांच्या हातात देते. आठ महिन्यांच्या नातीला त्यांनी एवढंच पाहिलंय. फोटो मोठा करायला ते दोन बोटं वापरत नाहीत, फोनच डोळ्यांजवळ नेतात. हे वाचून तुला राग येतोय ना? येऊ दे. मलाही तो उंबरा बघून राग येतो, पण कुणाचा, ते मी आज सांगणार आहे.

त्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगू दे. तू त्याला नेहमी टायपिंग म्हणत आलीस. बारा तास खुर्चीत बसणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार. पण ते टायपिंग नव्हे. वेगवेगळ्या इस्पितळांतून सुट्टी मिळालेल्या पेशंटांच्या फायली स्कॅन होऊन आमच्या स्क्रीनवर येतात. पानाच्या डोक्यावरचं पेशंटचं नाव झाकलेलं असतं, फक्त नंबर, वय, पुरुष की बाई. आम्ही फाईल वाचायची आणि तिच्यातली प्रत्येक दुखापत, प्रत्येक कारण ठरलेल्या कोडमध्ये बसवायचं. अपघाताचे कोड सगळ्यात बारीक. गाडी कुठली, कशाला धडकली, माणूस चालवत होता की मागे बसला होता, हमरस्त्यावर की मिलच्या आवारात, सगळ्याला वेगळा कोड. तीन ओळींत एका माणसाची संध्याकाळ बसते, आणि इस्पितळ विम्यासाठी जो गोषवारा देतं तो या कोडवरूनच छापला जातो. मोटारसायकलवर मागे बसलेली व्यक्ती, जड वाहनाशी टक्कर, असा एक कोड आहे. तो टाकताना मला दर वेळी तुझी आई, माझी सीतामावशी दिसते, एका बाजूला पाय सोडून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, मांडीवर डब्याची पिशवी. गेली साडेतीन वर्षं दिवसातून दोन-तीनदा दिसते. हे मी कधी तुला सांगितलं नव्हतं.

नियम फार थोडे आहेत. आमच्या हेड नूतनबेन पहिल्या दिवशी शिकवतात ते असे. कागदावर असेल तेच घ्यायचं, मनाचं काही घालायचं नाही. कागद अर्धवट वाटला तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरला लेखी विचारायचं, त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचायची. आणि फाईल ओळखीच्या माणसाची आहे असा नुसता वास जरी आला तरी ती बंद करून दुसऱ्याकडे द्यायची. चार नियम. चारही सोपे.

आता त्या दिवसाकडे येते. चौदा डिसेंबर २०२१, मंगळवार. काका पहिली पाळी करून निघाले, सचिन गावात तुझ्या मावशीकडे गेलेल्या सीतामावशीला मोटारसायकलवर मागे घेतलं, आणि परतताना डिव्हायडरच्या कटमधून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाचे ताके भरलेला टेम्पो आडवा आला. मावशी जागेवरच गेली. काकांच्या डोक्याला मार, मांडीचं हाड मोडलेलं, एकोणीस दिवस इस्पितळात. त्या एकोणीस दिवसांत तू रडली नाहीस. कॅज्युअल्टीत दिलेल्या कपड्यांची पिशवी आमच्या घरी आणून टाकलीस, आईचं सगळं एकटीने केलंस आणि मग पप्पांच्या खाटेपाशी बसलीस. मी डबा घेऊन यायची तेव्हा तू त्यांचे पाय चेपत असायचीस, बेशुद्ध माणसाचे. ती दीप्ती मला चांगली आठवते, म्हणून नंतरची दीप्ती मला कधी खरी वाटली नाही.

नंतरची म्हणजे जानेवारीतली. विम्यासाठी कागद लागतात म्हणून तू इस्पितळाच्या खिडकीवरून गोषवारा घेऊन आलीस आणि थेट आमच्या गच्चीवर आलीस. आई साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होती. तू कागद माझ्यापुढे धरलास. त्यात दुखापतींच्या यादीखाली एक ओळ होती, वाहनचालक मद्याच्या अंमलाखाली. गुजरातमध्ये दारूबंदी आहे म्हणतात, पण आपल्या भागात देशी दारूची पोटली कुठे मिळते ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक, त्यामुळे अशक्य असं त्यात काही नव्हतं. अशक्य होतं ते फक्त तुझ्या पप्पांच्या, धम्मरत्न या माणसाच्या बाबतीत. तू मला विचारलंस, धनू, तू या लाइनमध्ये आहेस, खरं सांग, कागद चुकतो का? आणि मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. मी म्हणाले, डॉक्टर लिहितो तेच कागदावर येतं दीप्ती, आम्ही मनाचं काही घालत नाही. माणूस खोटं बोलेल, फाईल बोलत नाही. वर अगदी मास्तरणीसारखा तुझा हात दाबला.

तू जिना उतरून गेलीस आणि काकांना विचारलंस. ते तेव्हा भिंत धरून चालायला शिकत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर कदाचित तू कागदाशी भांडली असतीस. पण ते म्हणाले, आठवत नाही. त्यांना दुपारचा डबा उघडल्याचं आठवतं आणि त्यानंतर एकदम नाकात नळी. मधलं काहीच नाही. डोक्याला मार लागला की असं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं, माझ्याच कामातलं आहे. पण तू म्हणालीस, माणूस प्यायला असला की असंच म्हणतो, आठवत नाही. आणि मी तुझी समजूत घातली नाही. सहा महिन्यांत तुझं लग्न झालं. वंदनेच्या वेळी तू मावशीच्या फोटोपुढे वाकलीस आणि पप्पांच्या पुढ्यातून तशीच गेलीस. सगळ्यांनी पाहिलं. काका तेव्हा काठीवर उभे होते, त्यांनी हात थोडासा वर केला होता, तो तसाच खाली घेतला.

दीप्ती, आपण लहान असताना विहारात जायचो ते आठवतं? मी जायची ती खिरीसाठी, ते लपवण्यात अर्थ नाही. बुद्धपौर्णिमेला सीतामावशीच्या खिरीचं पातेलं विहाराच्या ओट्यावर यायचं आणि गल्लीतले आमच्यासारखे गणपतीवाले सगळ्यात पुढे वाटी घेऊन. पण खिरीच्या आधी पंचशील व्हायचं, आणि ते सांगायचे काका. ते एकेक शील म्हणायचे आणि मागून सगळी गल्ली म्हणायची. त्यांचा आवाज असा भरदार की समोरच्या खात्यातल्या लूम्सच्या खडखडाटातूनही ऐकू यायचा. मला पाली ओ की ठो कळत नव्हतं, तरी पाचही पाठ झाली होती. पाचव्याला, म्हणजे दारूला न शिवण्याच्या शीलाला, तर ते जरा जास्तच जोर लावायचे आणि मागे बसलेल्या दोन-चार जणांकडे बघायचे. ते दोन-चार जण खाली बघायचे. एकदा मिलच्या शेठने दिवाळीला मिठाईच्या खोक्यात बाटली दिली, तर खोकं तसंच परत करून हा माणूस रिकाम्या हाताने घरी आला होता. मिठाई गेली म्हणून तू आणि मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. मोजून दोन दिवस.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला, बारा मेला, मी आईबरोबर विहारात गेले. खीर आता कुणी दुसरंच करतं. काका पुढे नव्हते. ते अगदी मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसले होते. आई म्हणाली, साडेतीन वर्षं तिथेच बसतात. पंचशील एक तरुण मुलगा सांगत होता. काका हात जोडून म्हणत होते, हळू, पण म्हणत होते. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि पाचव्याला ओठ मिटले. मला वाटलं ठसका लागला असेल. सगळी गल्ली पाचवं म्हणत होती आणि ते हात जोडून, डोळे उघडे ठेवून गप्प बसले होते. नंतर त्यांनी इतरांबरोबर नमस्कार केला आणि आपली काठी शोधायला लागले.

परत येताना मी विचारलंच. माझा स्वभाव तुला माहीत आहे, पोटात राहत नाही. काका काठीवर रेलून म्हणाले, धनू बेटा, मले त्या दिवसाचं आठवत नाही. कागद म्हणते मी पेलो. पेलो असंन तर पाचवं मोडलं, अन् मोडून वर म्हणू की मी पाळतो, तर ते खोटं झालं. खोटं बोलणं चवथ्यात येते. एकासाठी दुसरं कायले मोडू? एवढं बोलून ते मला विचारायला लागले की तुमच्या ऑफिसात यंदा पगार वाढला का. मी वाढला म्हणाले. घरी येऊन मी आईजवळ बसून रडले. तीस वर्षं दारूला न शिवलेला माणूस स्वतःच्या जिभेपेक्षा आमच्या कागदावर जास्त विश्वास ठेवून बसला होता.

आईने माझं रडणं थोडा वेळ चालू दिलं, मग टिक्क्यांचं ताट बाजूला सरकवून म्हणाली, तो मानूस दारू पेस नही, माले माहीत शे. मी म्हणाले, आई, डॉक्टरने लिहिलंय, वास आला म्हणून. तर म्हणाली, कागदले नाक शे का? शर्ट मी धोयेल शे. आणि मग तिने ते पुन्हा सांगितलं, जे ती मला तेव्हाच सांगून चुकली होती आणि मी, तुला काय कळतं म्हणून उडवून लावलं होतं. कॅज्युअल्टीतून तुझ्या हातात दिलेली कपड्यांची पिशवी तू आमच्याकडे टाकलीस ना, ती आईनेच उघडली होती. काकांचा निळा शर्ट तिने तीन पाण्यांत धुतला. रक्त निघालं, पण स्क्रीन साफ करायच्या थिनरचा वास काही निघेना. आठवडाभर आमच्या गच्चीवर तो वास होता.

यंदाच्या जानेवारीपासून मला ऑडिटला घेतलंय, म्हणजे इतरांनी केलेल्या जुन्या फायली मी उघडू शकते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले आणि तारीख, वय, मांडीचं हाड, एकोणीस दिवस, एवढ्यावरून फाईल शोधून काढली. त्रेसष्ट पानं. दुसऱ्या पानावर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरची ओळ, अंगाला दारूसारखा वास. वास येतो एवढंच, प्यायलाय असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. मी डॉक्टरला दोष देत नाही. त्या तासात त्याच्यापुढे चार स्ट्रेचर होते, तेही फाईलवरून कळतं. एकतिसाव्या पानावर नर्सने काढून ठेवलेल्या वस्तूंची यादी. घड्याळ एक, चप्पल एक पायाची, रिकामा डबा, निळा शर्ट, आणि कंसात गुजरातीत, थिनरनी वास आवे छे. त्याखाली, वस्तू मिळाल्या म्हणून तुझी सही. इतक्या धावपळीत तू मराठीत सही केलीस, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग मी पानं उलटत गेले. अठ्ठावन्नाव्या पानावर लॅबचा रिपोर्ट आहे. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरने मागवलेला. काकांना आणल्यापासून अर्ध्या तासात घेतलेलं रक्त, आणि त्यात दारू नाही. थोडी नाही, थेंबभर नाही, काहीच नाही. रिपोर्ट उशिरा आला म्हणून मागे लावलेला, इतकंच.

मी ते पान किती वेळ बघत बसले माहीत नाही. शेजारची मुलगी, वैशाली म्हणून आहे, तिने पाणी आणून दिलं. तुझे पप्पा प्यायले नव्हते, दीप्ती. टेम्पो आडवा आला, आणि ते शुद्धीत होते, सरळ चालवत होते, मागे बायको होती. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते, तू पुन्हा वाचावंस म्हणून. तुझे पप्पा प्यायले नव्हते.

पुढे जे करायचं ते केलंय. नूतनबेनकडे लेखी दिलं, त्यांनी इस्पितळाला कळवलं, तिथल्या डॉक्टरांनी फाईल पुन्हा पाहून दुरुस्तीची नोंद सहीनिशी घातली. मद्याच्या अंमलाचा कोड निघाला. टेम्पोवाल्यांविरुद्ध कोर्टात जे चाललंय त्यात याचा उपयोग होईल असं म्हणतात, ते वकील बघतील, त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. इस्पितळ काकांच्या नावाने रजिस्टर पत्र पाठवणार आहे, ते जुलैच्या मध्याच्या सुमारास येईल. नकला हव्या असतील तर पेशंटने स्वतः खिडकीवर जाऊन सही करायची. मला त्यातला एक कागदही बाहेर आणायची परवानगी नाही. खरं तर हे तुला लिहिणंसुद्धा नियमात बसत नाही, पण नियम पाळण्याबद्दल बोलायचं तोंड मला उरलेलं नाही. का, ते आता सांगते. हे पत्र मी चारदा लिहिलं आणि चारही वेळा इथे येऊन फाडलं.

प्रत्येक कोडखाली तो टाकणाऱ्याचा नंबर असतो. त्या कोडखाली माझा आहे. आणि तो मला ऑडिटमध्ये कळला असं मी सांगितलं तर ते चौथं मोडल्यासारखं होईल. मला पहिल्यापासून माहीत होतं. अपघातानंतरच्या जानेवारीत ती फाईल स्क्रीनवर आली, पुरुष, एक्कावन्न, प्रिंटिंग मिल, सचिन-पलसाणा रस्ता, तेव्हाच मी काकांना ओळखलं होतं. बंद करून दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. पण दिली असती तर कबूल करावं लागलं असतं की हे तेच आहेत. म्हणून मी स्वतःला सांगितलं की असे पुष्कळ असतात, आणि भराभर पानं उलटली. पुढच्या कुठल्यातरी पानावर सीतामावशीचं काय झालं ते लिहिलेलं असेल, ते मला वाचायचं नव्हतं. दुसऱ्या पानावरचा वास घेतला, ऑपरेशनची नोंद घेतली, आणि अठ्ठावन्नापर्यंत गेलेच नाही. गच्चीवर तू कागद पुढे केलास तेव्हा मला कळलं की ही ओळ माझ्या हातची आहे, आणि मी म्हणाले, फाईल खोटं बोलत नाही. तुझ्या प्रश्नाला नाही, मी माझ्या कामाला उत्तर दिलं. हे सगळं मी नूतनबेनना माझ्या नावाने लिहून दिलंय. ऑडिटची खुर्ची गेली, परत जुन्या जागी बसते, आणि आता शेवटच्या पानापर्यंत वाचते. काकांना यातलं मी काहीच सांगितलेलं नाही. ते प्यायले नव्हते, हे त्यांना माझ्याकडून किंवा पोस्टमनकडून कळू नये, तुझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. दहा जुलैला, गुरुवारी आषाढ पौर्णिमा आहे. आदल्या दिवशी बाळाला घेऊन ये, उधन्याला उतर, आबा घ्यायला येतील. माझं तोंड बघायचं नसेल तर मी समोर येणार नाही. काकांना घरी सगळं सांग, माझं नावही सांग. आणि संध्याकाळी विहारात चपलांजवळ त्यांच्या शेजारी बस. साडेतीन वर्षांची सवय आहे, सगळं कळूनही चौथं झालं की ते थांबतील. तेव्हा तू थांबू नकोस. पाचवं तू मोठ्याने म्हण, ते मागून म्हणतील.

तुझीच, अजून तसं लिहायला चालत असेल तर,
धनश्री